मोहिमेला आबांचं नाव

दौंडच्या आमच्या शेतीऔषधांच्या कंपनीत राजनंदिनीइतकी हट्टी बाई दुसरी नाही. मार्केटिंगचं सगळं तीच बघते. त्या हट्टापायी तिची दोन बोटं गेली, ती माझ्या डोळ्यांदेखत.

आमच्याकडे शेतकऱ्यांची बैठक ज्याच्या अंगणात, तिला नाव त्याचं. कॉम्प्युटरवरही तीच सवय. शेतकऱ्यांना मोबाईलवर मेसेज पाठवायची कुठलीही मोहीम असो, अंगणवाल्याचं नाव टाकलं की सगळे मोकळे. खुटबावच्या हौसराव आबांच्या अंगणात आधी कांदेवाल्यांची बैठक झाली, मग झेंडूवाल्यांची. दोन्ही मोहिमांचं नाव ‘हौसराव आबा’. व्हायचं तेच झालं. कांद्यातल्या तणनाशकाचा मेसेज झेंडूवाल्यांना गेला. कंपनीनं सांगितलंय म्हणून त्यांनी ते फवारलं आणि ऐन दसऱ्याच्या तोंडावर झेंडूचे प्लॉट करपले.

गावोगाव फिरून औषधं खपवणाऱ्या आमच्या भारतला लोकांनी फाट्यावर गाठलं. आधी लाथाबुक्क्या, मग काठ्या, शेवटी दगड. त्याचं डोकं फुटलं, एका कानानं ऐकू येईना झालं. मेसेज त्यानं पाठवलासुद्धा नव्हता.

राजनंदिनीनं लगेच नियम केला. मोहिमेच्या नावात आधी गाव, मग पीक, मग महिना. माणसाचं नाव कुठंच नाही. जुन्या मोहिमांचीही नावं तिनं बदलली.

हे आबांच्या मुलाला, सत्यजीतला कळलं. त्याला वाटलं, गावात आपलं नाक कापलं. लोखंडी गज घेऊन तो ऑफिसात शिरला. दाराची काच फोडली, दारालगतची टेबलं उलथली. आमचा मॅनेजर संडासात जाऊन लपला. त्याचा मला आजही संताप येतो.

“आबांचं नाव लाव!” सत्यजीत ओरडला. “आमच्या दारात माणसं जमवली तवा आबा चाललं व्हय?”

“आबांचा मान हाय, दादा. पण नाव न्हाई लागायचं,” राजनंदिनी म्हणाली. तिचा हात तिच्या टेबलावर होता.

गज त्याच हातावर बसला. एका बोटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. डोक्याला पट्टी बांधलेला भारत रडत पुढं आला.

“ताई, लावा की नाव! जीव घील ह्यो!”

“ह्या नावाच्या घोळापायी तुझा घेतच व्हते की. आता पुढचा कोण द्यायचा?”

सत्यजीतनं पुन्हा गज उचलला. तिनं हात मागं घेतला नाही. दुसरं बोट त्या घावात गेलं, आबांचं नाव मात्र आजही लागलेलं नाही.