आंब्याच्या बुंध्यातला भुसा

येरवड्याच्या आमच्या सोसायटीत आंब्याचं एकच झाड आहे, पार्किंगच्या कोपऱ्यात. मागच्या उन्हाळ्यात त्याचा चीक माझ्या गाडीवर ठिबकायचा, म्हणून मीटिंगमध्ये मी फांद्या छाटायची मागणी केली होती. झाड तळमजल्यावरच्या काकूंनी लावलेलं. तेव्हापासून त्या माझ्यावर नजर ठेवून असत.

पावसाळ्यानंतर एका सकाळी बुंध्याशी लाकडाचा ओलसर भुसा दिसला. वर पाहिलं तर खोडाला पेन्सिल जाईल एवढं भोक. कोणीतरी ड्रिलनं पाडून आत विष ओतलं असावं, असं वाटलं. पहिला संशय आला तो सेक्रेटरींचा. त्यांना आणखी एका गाडीला जागा हवीच होती. पण जवळून पाहिलं तर भोकाच्या तोंडाशी किड्याची विष्ठा चिकटलेली. माझं माहेर विदर्भातलं, संत्र्याच्या बागेचं. खोडकिडा मी लहानपणापासून ओळखते.

रविवारी सायकलच्या चाकाची तार, सिरिंज, कापूस आणि थोडं पेट्रोल घेऊन मी खाली गेले. बाबा असंच करायचे. तार आत सरकवली, तोच काकूंची खिडकी उघडली.

"अहो, काय टोचताय त्याला?"

"आत अळी आहे, काकू."

"हो का? छाटता आलं नाही, म्हणून आता इंजेक्शन!"

त्यांनी फोन केला आणि पाच मिनिटांत सेक्रेटरी आले. त्यांनी सिरिंज हुंगली, माझा फोटो काढला. मी तार फिरवत राहिले. बाहेर नुसता भुसाच येत होता. हे सगळं ग्रुपवर जाणार, हे कळत होतं. शेवटी तारेच्या टोकाला बोटाएवढी पांढरी अळी आली, अर्धी चिरडलेली.

काकूंनी चष्मा सारखा केला. "ही तुम्ही घरून आणली नाहीत कशावरून?"

मी तार त्यांच्याच हातात दिली. थोडं वर दुसरं भोक होतं, तिथं त्यांनी स्वतः तार घातली. तिथूनही अळी निघाली. मी दोन्ही भोकांत पेट्रोल सोडून कापसाचे बोळे कोंबले आणि त्यांनी चिखलानं तोंडं लिंपली. सेक्रेटरी फोन खिशात घालून निघून गेले.

तरी एक मोठी फांदी वाळलीच. "तुमचं पेट्रोल जास्त झालं असणार," काकू म्हणाल्या. बाकी झाड तगलं. आता दर पंधरा दिवसांनी त्याच मला खाली बोलावतात, आणि मी खोड बघून होईपर्यंत शेजारून हलत नाहीत.