दहा मिनिटं आधी सोडलेलं पाणी

चावीकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता उरलेलं नाही. सव्वीस वर्षं ते शहराच्या पाण्याच्या टाकीवर होते. कमरेइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं आणि एकेका भागाचा व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. पण त्याआधी टाकीखालच्या तोटीतून पेलाभर पाणी घेऊन ते नाकाशी धरायचे. असं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, बरं का. नाकाने पास केल्याशिवाय पाणी सोडायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. साहेब लोक हसायचे. हसेनात का!

नियम कडक, पण माणूस शेवटी बाप. लेक लग्न होऊन जवळच्याच गल्लीत राहायला आली, तिला मुलगी झाली, आणि काकांनी गुपचूप एक सवय लावून घेतली. त्या गल्लीचा व्हॉल्व्ह टाकीकडे येतानाच वाटेत लागायचा. तेवढा सहाला दहा कमी असताना उघडायचा, मग टाकीवर जाऊन वास घ्यायचा आणि मग सहाला बाकीचं शहर. तान्ह्या पोरीला घेऊन लेकीने ताटकळत का बसायचं? आणि इतक्या वर्षांत पाण्याला कधी वास आला होता?

त्या सकाळी आला. पेला नाकाशी नेला आणि काका दचकले. ताज्या तेलरंगासारखा उग्र भपकारा. तेवढ्यात इंजिनीअर साहेबांचा फोन. नदीकाठच्या कारखान्याची टाकी फुटून रसायन पाण्यात उतरलं होतं. उकळूनही जाणार नाही, थेंबभरही सोडू नका, असं साहेब धापा टाकत सांगत होते. मग त्यांनी विचारलं, "काका, अजून कुठे सोडलं नाही ना?"

"नाही साहेब."

जीभ कशी वळली कोण जाणे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, तेच मनात आलं असणार. फोन ठेवला. धावत जाऊन त्यांनी लेकीच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद केला. बावीस फेरे. लेकीला फोन लावला, ती उचलेना. मूल झोपलं की फोनचा आवाज बंद करायची तिची पद्धत. म्हणजे नात झोपली असेल. की उठली असेल? पावडरचं दूध पाण्यात कालवायची वेळही हीच.

गल्लीत चाळीस घरं. पहिल्याच दारात एक म्हातारी बादली भरत होती. एवढी कसली घाई, असं तिने विचारलं, तर काका मान खाली घालून पुढे सटकले. इथे मला त्यांचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. आपलं ते पोर आणि लोकांचं ते काय?

लेकीने दार उघडलं. कडेवर नात, हातात दुधाची बाटली. बाटली पाऊण भरलेली. काकांनी ती हिसकावून घेतली तेव्हा लेक गोंधळून म्हणाली, "बाबा, वास मलाही आला होता. पण म्हटलं, तुम्ही सोडलंय म्हणजे चांगलंच असणार."

काकांनी बाटली उंबऱ्याबाहेर रिकामी केली. नातीने दोन-तीन घोट घेतले होते आणि तोंड वाकडं करून बाटली ढकलली होती. मग त्यांनी नातीला दवाखान्यात न्यायला लेकीला पिटाळलं आणि गल्लीत उभं राहून घसा फुटेस्तोवर ओरडले, की पाणी ओता, कुणी तोंडात घेऊ नका. साहेबांना फोन करून म्हणाले, "मी खोटं बोललो. एका गल्लीत गेलंय. मीच सोडलंय."

दुपारपर्यंत म्हातारीसकट नऊ जण दवाखान्यात. काकांचा जीव टांगणीलाच होता. तिसऱ्या दिवशी सगळे घरी आले, नातही हसतखेळत आली. चावी मात्र काकांकडून काढून घेतली.

परवा लेक त्यांच्याकडे आली होती, उन्हातून, दमून. काकांनी स्वतः माठातलं पाणी पेल्यात भरून दिलं. तिने पेला आधी नाकाशी नेला, मग प्यायली.