लिमच्या आजोबांची बोली

काल इथे आखातात, मिरकाबच्या ऑफिसात कुणीतरी संत्रं सोललं आणि त्या वासाने मला लिम आठवला. लिम मलेशियात जन्मलेला चिनी, इथेच माझ्याबरोबर इंजिनियर होता. एका वर्षी तो पहिल्यांदाच चीनमध्ये आजोबांच्या गावी जाऊन आला होता. जेवण झाल्यावर संत्रं सोलता सोलता सांगत होता.

“आजोबांची बोली आमच्या घरात टिकलेली. तीच तिथे बोललो, तर पोरं हसायला लागली. म्हणे, असं आमचे खापरपणजोबा बोलायचे. एका म्हाताऱ्या आत्याने मात्र माझा हात धरला, तो सोडेचना. म्हणाली, बोलत राहा.”

मला गंमत वाटली. घरातला पहिला पदवीधर मी. ताठ मानेने म्हणालो, “आपलं तसं नाही बाबा. गावची बोली मी कॉलेजात पहिल्याच वर्षी सोडली. मी कुठला, हे आता कुणाला ओळखू येत नाही.”

लिमने अर्धं संत्रं माझ्यापुढे सरकवलं. स्वतः उरलेल्या फोडी सुट्या करत बसला. मला वाटलं, त्याला हेवा वाटला असेल.

शिकल्याचा अभिमान मला आजही आहे. पण परभणीकडे माझे वडील गावभर मोकळं बोलतात, आणि माझा फोन आला की साहेबाशी बोलावं तसे शब्द जपून बोलतात.