पायानं वळणारी होडी

मुलानं ती मोटर पोत्यात घालून आणली. तो गोव्यात पर्यटकांच्या होड्यांवर कामाला आहे. तिथं रिमोटवर वळणाऱ्या नव्या मोटरी आल्या, म्हणून ही जुनी काढून टाकली होती. पोतं सोडून त्यानं ती बापाच्या खाटेसमोर मांडली. एक लांब दांडा, त्याच्या खाली छोटा पंखा, आणि जाडजूड काळ्या केबलच्या टोकाला पायानं दाबायचा पायटा.

"आप्पा, बॅटरीवर चालती. होडीच्या तोंडाला बसवायची आन् पायानं वळवायची. वल्हं नको, काय नको."

त्याच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

माझे मालक उभा जन्म पंचगंगेत जाळी टाकत आले. दिवाळीनंतर त्यांना झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. तेव्हापासून ते घराबाहेर पडले नव्हते. आमच्या बावड्यातली माणसं चांगली आहेत, पण गप्प बसणारी नाहीत. कुणीही खिडकीतून ओरडून विचारायचं, "काय म्हंतासा? बरं हाय न्हवं?" उत्तर द्यायला जावं तर मालकांच्या तोंडातून नुसती लाळ यायची आणि त्यांचे डोळे भरायचे. मग त्यांनी खिडकीच लावून घेतली. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "काकू, ह्यांना खाटेवरून उठवा, नाहीतर डावा पायही आखडेल आणि मग सगळं तुमच्यावर येईल."

सगळं माझ्यावर आलेलंच होतं. अंघोळ, भांडं, भरवणं, कूस बदलणं, आणि दुपारी ते डोळे मिटून पडले की लोकांचे ब्लाऊज शिवायचे. मला मालकांची दया येत होती हे खरं, पण त्याहून जास्त मला झोप येत होती. त्यांना नदीवर न्यायचं मी ठरवलं ते काही पतिव्रता म्हणून नाही. माणूस एकदा उठून बसला की आपल्याला जरा टेकता येईल, एवढाच हिशेब होता.

पण आधी मालकांची होडी मला चालवता यायला हवी होती. वल्हं मारायचं तर हातात जोर नव्हता, आणि मुलगा मोटर बसवून, दोन दिवस राहून परत गेला होता. मग सकाळी मालकांचं आवरून शेजारच्या बॅटरीवाल्याला सोबत घ्यायची आणि नदी गाठायची. तो बॅटरी होडीत ठेवून द्यायचा, काठावर बिडी ओढत बसायचा आणि तिथूनच मला शिकवायचा. स्वतः तो जन्मात होडीत बसला नव्हता.

पायटा समजायला सोपा आहे. चवडा दाबला की होडी उजवीकडं, टाच दाबली की डावीकडं, आणि मधोमध धरला की सरळ. पाय जे करतो ते केबल जशाच्या तसं त्या दांड्याला सांगते. सगळी अडचण तिथंच होती. मी लग्नाच्या आधीपासून शिलाई मशीन चालवलेली. चवडा, टाच, चवडा, टाच. पाय थांबला की मशीन थांबतं, हे माझ्या पायाला माझ्यापेक्षा जास्त पक्कं ठाऊक. पायाखाली पायटा आला की तो हलायलाच लागायचा. जित्याची खोड! होडी जरा उजवीकडं जायची, जरा डावीकडं, पुन्हा उजवीकडं, सणाच्या दिवशी गुत्त्यातून निघालेल्या माणसासारखी.

घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांना तर करमणूकच झाली.

"मावशी, नदीला काठ शिवायला लागलाय व्हय?"

"माझं बी दोन ब्लाऊज हायत की, घ्या जाता जाता!"

पहिल्या दिवशी मी पण हसले. नंतर हसायचीही ताकद राहिली नाही. मोटरीच्या पंख्यात पाण्यावर पसरलेलं केंदाळ अडकायचं. मग ती बंद करून दांडा वर ओढायचा आणि त्याच्या मुळ्या, कंगव्यातले केस काढावेत तशा, बोटांनी ओढून काढायच्या. तोवर होडी वाहत बंधाऱ्याकडं निघालेली असायची. हवेत कारखान्याच्या मळीचा वास, कमरेत कळ, आणि घरी मालक एकटे. पोटरी अशी भरून यायची की घरी येऊन खाटेचा आधार घेऊनच खाली बसावं लागायचं.

एका संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी म्हटलं, "तुझी मोटर घिऊन जा बाबा. मला जमंना."

"आई, सवय हुईल की."

हे वाक्य मी तेव्हा सगळ्यांकडून ऐकत होते. डॉक्टर म्हणाले होते, व्यायामवाली म्हणाली होती, माझी नणंद तर येता जाता म्हणायची. ज्याला स्वतःला कसलीच सवय करायची नसते तोच हे म्हणतो. "तुला काय जातंय सांगायला," असं म्हणून मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले. रडून झाल्यावर भात लावला.

जमलं ते चप्पल काढल्यावर. रबरी चपलेतून काही कळत नव्हतं. अनवाणी पाय ठेवला तेव्हा पायट्याची ओढ तळव्याला लागली. मोटर चालू असली की तिचं तोंड एका अंगाला जायला बघतं आणि केबलमधून ते पायाला सांगत राहतं. मशीनवर पाय हलवायचा असतो, इथं तो थोपवायचा होता. जाड कापड सुईखाली न ओढता नुसतं धरून ठेवतो ना, तेवढाच जोर. त्या दिवशी होडी घाटापासून स्मशानाच्या वळणापर्यंत बऱ्यापैकी सरळ गेली. बायकांनी टोमणा मारला नाही, तेव्हाच समजले.

मालकांना न्यायचं ठरलं तेव्हा मी त्यांना विचारलंच नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते. सकाळी गल्ली जागी व्हायच्या आत बॅटरीवाल्यानं आणि त्याच्या भावानं त्यांना खुर्चीसकट उचललं. ते डाव्या हातानं दोघांना मारत होते. होडीत मधोमध खुर्ची बांधली आणि मुलानं पाठवलेली, पाण्यात तरंगवणारी नारंगी जाकिटं आम्ही दोघांनी अंगात घातली. मालकांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, हे आता कायमचे रुसले.

मी पुढं स्टुलावर बसून होडी काढली आणि बोलायला लागले. घरी मी सारखी बोलतच असते, एका माणसाचं बोलणं बंद झालं की दुसऱ्याला दोघांचं बोलावं लागतं. "बगा, पाणी कसं खाली गेलंय. बगा, त्या तिकडं बगळं बसल्यात." मागं खुर्चीवर थाप ऐकू आली. वळून बघितलं तर मालकांनी डावा पंजा वर केला होता. गप्प.

मला आधी राग आला. मग कळलं. जाळ्याच्या पाण्यात बोलायचं नसतं, मासा बुजतो. त्यांचा धाकटा भाऊ वल्ही मारायचा तेव्हाही मालक त्याला हातानं आणि हनुवटीनंच सांगायचे. इथं त्यांना कुणी बोल म्हणणार नव्हतं. इथं ते मुके नव्हते, मीच जास्त बडबडत होते.

थोड्या वेळानं त्यांनी जीभ टाळ्याला लावून चक् केलं. माझं वळण चुकलं होतं. पुन्हा चक्. मग डावा पाय लांब करून त्यांनी पायट्यात टाच अडकवली आणि केबलसकट तो माझ्या पायाखालून स्वतःकडं ओढून घेतला. होडी गर्रकन फिरली. मी ओरडले. ते मोटरीच्या तोंडाकडं बघत राहिले. टाच दाबली, चवडा दाबला, आणि थोड्या वेळात होडी प्रवाहाच्या वर सरळ निघाली. मला एवढं शिकायला किती रडावं लागलं होतं!

माझ्या हातात काम उरलं नाही. असं कधी झालं होतं ते आठवेना. मी मागं सरकले, काठावरच्या करंजाच्या झाडाच्या सावलीत होडी आली तेव्हा जाकीट काढून जाळ्यावर ठेवलं आणि त्यावर डोकं टेकलं. पाच मिनिटं, म्हटलं.

जाग आली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. होडी त्याच झाडाजवळ होती, पण झाडाची सावली काठाकडं सरकली होती आणि होडीही तिच्यामागं सरकली होती. बॅटरीचा बारीक आवाज येत होता. पाणी खाली ओढत होतं आणि मालकांनी पायानं होडी जागच्या जागी धरून ठेवली होती. त्यांची पोटरी थरथरत होती. सावली होडीच्या अर्ध्या भागावरच पुरत होती. तेवढा माझा भाग होता. ते स्वतः उन्हात बसले होते, आणि मानेवरून घाम जाकिटात उतरत होता.

"दमलासा. जाऊया घरी?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मला फार वाटलं, उठावं, त्यांचा पाय हातात घ्यावा, दाबून द्यावा. पण तो पाय कामावर होता. मी परत आडवी झाले.