जावळाचा व्हिडिओ आन् लाल बटन

आबांनी, म्हंजी माझ्या सासऱ्यांनी, नातवाचं जावळ पायलंच न्हवतं. जावळ काढलं तवा ते मेंढरं घेऊन कोकनात. परतीला आमच्या परड्यात एकच मुक्काम, आन् सकाळी मेंढरं भीमेपल्याड जानार. चा पिता पिता हळूच म्हनले, "सूनबाई, त्ये जावळाचं दाव की."

आता आली का पंचाईत. व्हिडिओ पेनड्राइव्हमधी, लॅपटॉप माझ्या मालकांचा, आन् मालक कंपनीत शिफ्टला. शूटिंगवाल्यानं त्याच्याकडचं कवाच पुसून टाकलेलं, हाय ते येवढंच. मी देवाचं नाव घेऊन लॅपटॉप उघडला. पोराचं रडनं आलं, पन चित्र कुठं? समदं काळं कुट्ट.

आबा काळ्या पडद्याकडंच बघत बसले.

मग मी नेटवर शोधलं, चित्र का दिसंना. पयल्याच पानावर भलं मोठं लाल बटन, वर लिवलेलं की तुमचा प्लेअर जुना झालाय, आत्ताच अपडेट करा. मला वाटलं, आपल्याला कळतंय बरं का! दाबलं. काहीतरी खाली उतरलं, आन् एकदम भोंगा सुटला. पडदा लालेलाल, त्यावर लिवलेलं की लॅपटॉप बंद पडलाय, ह्या नंबरला फोन करा. भोंग्यानं परड्यातली कुत्री उठली, मेंढरं बिथरून जाळीला धडकली, आन् आबा काठी घेऊन दारात उबे. "कुठं हाय लांडगा?"

मी लॅपटॉपकडं बोट केलं.

आत्याबाईंनी, म्हंजी सासूबाईंनी, काई न इचारता मीठ-मिरच्या आनून लॅपटॉपची दिष्ट काढली आन् चुलीत टाकल्या. आता भोंगाबी चालू, कुत्रीबी चालू, आन् आमी तिगं खोकतोय. भ्याव वाटत व्हतं आन् हसूबी आवरंना.

तसल्यात यवतला ऑफिसात काम करनाऱ्या नणंदेला फोन लावला. म्हनलं, वन्सं, पोराचं जावळ गेलं वो. त्यांनी आदी इचारलं, त्या नंबरला फोन केला का? न्हाई. उतरलेलं उघडलं का? न्हाई. मग त्या म्हनल्या, "मग काय बी गेलं न्हाई. रडू नकोस, आदी नेट बंद कर."

त्या सांगतील तसं केलं. पावरचं बटन दाबून धरलं, भोंगा मेला. पेनड्राइव्ह काढला. परत चालू करून ते उतरलेलं न उघडता पुसलं, मग व्हायरस तपासायचं लावलं. काई निघालं न्हाई. मग त्यांनी नेट परत चालू करायला सांगितलं, आन् प्लेअर उघडून त्याच्या सवताच्या मेनूतनं अपडेट करायला लावलं. प्लेअर तर कवापासनं इचारत व्हता, नवा करू का, आन् मी भ्यानं दर येळी "नंतर" दाबायचे! वन्सं म्हनल्या, जुन्या प्लेअरला नवा व्हिडिओ दिसत न्हाई, आन् जुन्यातनं चोरबी शिरत्यात. अपडेट घ्यायचं ते त्याच्याच मेनूतनं, न्हाईतर बनवनाऱ्याच्या खऱ्या साइटवरनं.

आबांनी समदं ऐकलं. म्हनले, "रस्त्यावरचा कोनबी लशीची सुई घेऊन आला, तर मी मेंढरू धरून देतो व्हय?"

मी मान खाली घातली, पन हसू फुटलंच.

अपडेटची पट्टी सरकायला लागली. आत्याबाई हात जोडून बसलेल्या. पट्टी भरली, मी पोराला पाळण्यातनं कडंवर घेतलं, पेनड्राइव्ह परत लावला, आन् व्हिडिओ चालू केला.

दिसलं! माझ्या भावाच्या मांडीवर पोरगं, न्हावी कात्री धरून, आन् पोरगं बोंबलतंय. आबा पुढं सरकले, पार पडद्याला नाक लागंस्तवर. आपलाच आवाज ऐकून माझ्या कडंवरच्या पोरानं भोकाड पसरलं.

आबांनी पडद्यावरची नजर न काढता त्याला मांडीवर घेतलं. "गप की रं," ते म्हनले, "तू रडून घेतलंयस तितं. मला बघू दे."