कोमट भात

तीन वर्षं मी ऑफिसखालच्या दुकानातून सुशीचा डबा आणते आणि काम करता करता खाते. सुशी म्हणजे फ्रिजमधला गारढोण भात, अशी माझी पक्की समजूत. काल पुण्यातल्या एका जपानी हॉटेलात पहिल्यांदाच बसून खाल्ली. काउंटरपलीकडच्या आचाऱ्याने हाताने वळलेला घास समोर ठेवला. मी फोटोसाठी फोन काढला, तसा तो म्हणाला, "ताई, आधी खा. भात निवतोय."

घास तोंडात गेला आणि मी हबकलेच. भात कोमट होता, नुकताच हातात धरून सोडलेल्या तळहातासारखा. मग इतकी वर्षं मी काय खात होते?

आणि आचाऱ्याचं ते वाक्य. घरी आई रोज हेच म्हणते, मी फोनमध्ये बघत "आले, आले" म्हणते. तिच्या हातचा गरम भात कसा लागतो, ते मला काही केल्या आठवेना.