सीझन पासवरचा फोटो
नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास आला की मला बुलढाण्याजवळच्या वॉटर पार्कचं ते गेट आठवतं आणि डोकं तापतं. वडिलांची तेरवी नुकतीच झाली होती. मुलगी घरात कोमेजून बसलेली, म्हणून तिला साखरखेर्ड्याहून बसनं तिथं नेलं. वडील, मी आणि मुलगी, आमचा तिघांचा एकाच फोटोचा सीझन पास वडिलांनीच हौसेनं काढलेला. गेटवाल्यानं माझं मुंडण केलेलं डोकं पाहिलं, पासवरचे माझे दाट केस पाहिले आणि म्हणाला, "हा तुमचा फोटो नाही." आमच्याकडं असं डोकं दिसलं की परका माणूसही आवाज खाली घेतो. यानं फोटोतल्या वडिलांवर बोट ठेवलं. "या बाबांले घेऊन या. त्यायनं ओळखलं तं सोडतो." केस केव्हाच परत आले. पण "बाबाले आता कुठून आणू, सांग ना बे!" असं त्याच्यावर तिथंच ओरडायला हवं होतं.